गेटवर ठेवायची डबी

मी डबी बोलतेय. बिडीची डबी. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण माझा वास काही जायचा नाही आणि मला जे सांगायचंय ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. एवढी वर्षं गप्पच होते. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मलकापूरच्या बाजारात पत्र्याची कामं करणारा एक म्हातारा बसायचा. त्यानं सरकीच्या तेलाचा रिकामा डबा कापला, पत्रा ठोकला, वाकवला आणि मला केलं. तळहातावर मावेन एवढी. झाकणाच्या आतल्या बाजूला तेलाच्या नावातली 'शुद्ध' ही दोन अक्षरं तशीच राहून गेली, ती अजून आहेत. बिडीच्या डबीत 'शुद्ध', काय म्हणावं आता. बिजागरी मात्र त्यानं जरा सैल बसवली, त्यामुळे झाकण उघडलं की मी करकरते.

"काका, हे करकरते ना," मला विकत घेणारा तरुण म्हणाला.

"करकरू दे. कोनं चोरून उघडली तं तुले समजन," म्हातारा म्हणाला.

तो तरुण म्हणजे इंद्रभान. नुकतंच लग्न झालेलं, नुकताच जिनिंगमध्ये कामाला लागलेला. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुई काढायचा कारखाना. दिवाळीनंतर तिथल्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात, घरापेक्षा उंच. तिथे एक ठिणगी पडली तर काय होईल हे लहान पोरालाही कळतं. म्हणून गेटवर नारायणराव नावाचे चौकीदार बसायचे आणि त्यांच्या मागे खणाखणांची एक लाकडी पेटी असायची. आत जाणाऱ्या प्रत्येकानं आपली डबी त्या खणात ठेवायची. नारायणराव खिसे चाचपायचे, टोपी काढायला लावायचे, कानामागे बिडी खोचली आहे का तेही बघायचे. आगपेटी सापडली तर त्या माणसाचं काम त्याच दिवशी बंद.

"नारायणराव, एक तं नेऊ द्या. पेटवत नाई, नुसती तोंडात धरतो," कोणीतरी रोज म्हणायचंच.

"तोंडात बोट धर आन जाय आत. बिडी इथंच राह्यन."

आम्ही वीस-पंचवीस डब्या दिवसभर त्या पेटीत पडून असायचो. संध्याकाळी भोंगा झाला की माणसं गेटकडे यायची आणि आठ तास धीर धरलेले तेच हात आम्हाला उचलायला एकमेकांना ढकलायचे. मला तेव्हा गंमत वाटायची. कापसासाठी माणूस एवढा दम धरू शकतो, हे मी रोज पाहत होते.

इंद्रभाननं आगपेटीचा धसकाच घेतला होता. चुकून खिशात राहिली आणि नारायणरावांना सापडली तर? त्यापेक्षा बाळगायचीच नाही. गेटबाहेर आला की दुसऱ्याच्या बिडीवर आपली पेटवायचा आणि घरी आला की चुलीवर. सीझन संपला, तो शेतात मजुरीला जाऊ लागला, तरी सवय तीच. आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? थांबा जरा.

घर रेल्वे लाईनीपलीकडच्या वस्तीत. दोन खोल्या, पुढे ओटा. त्याची बायको सिंधूताई शाळेत खिचडी शिजवायला जायची. घरात गॅस आला, तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच व्हायचं, कारण पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, फुकट मिळायच्या. त्यांना एक मुलगा झाला. नाव धम्मरत्न ठेवलं, पण हाक मारायची ती धम्मा. बापाचा भारी जीव त्याच्यावर. जिनिंगमधून येताना पेरू, बोरं, काही ना काही आणायचाच, आणि मी असायची त्याच खिशात ते असायचं, माझ्या अंगाला अंग लावून.

धम्मा आठ वर्षांचा असेल. इंद्रभान दमून ओट्यावर टेकला, मला उघडलं, एक बिडी काढली.

"धम्मा, जाय रे बेटा, चुलीवरून पेटवून आन."

पोरगं पळत गेलं, विस्तवाला बिडी लावली, पळत आलं. ओट्यापर्यंत येईतो बिडी विझलेली. बिडी ओढली नाही की विझते, तिचा स्वभावच तो. पुन्हा गेला, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा इंद्रभान हसत म्हणाला, "अरे, ओढत आन ना. नाईतं इझते ते."

मग तो ओढत आला. डोळ्यात पाणी, नाकातून धूर, खोकून खोकून लाल झालेला, पण हातातली बिडी पेटलेली. बाप हसला, शेजारचे हसले. सिंधूताई पीठ मळलेल्या हातानं दारात आली.

"लेकराले काऊन लावता जी असलं काम?"

"तोंडाले लावली म्हनून का बिडी पेला का तो? पेटवून आनली फक्त."

वस्तीत सगळेच बाप असंच पाठवायचे. इंद्रभानच्या बापानंही त्याला असंच पाठवलं होतं. त्यामुळे यात काही वाईट आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. उलट ती घरातली आवडती गोष्ट झाली. पाहुणे आले की इंद्रभान सांगायचा, "मी म्हनलो, ओढत आन, नाईतं इझते, तं याच्या नाकातून इंजिनावानी धूर," आणि सगळे पोट धरून हसायचे. धम्माही हसायचा. रोज संध्याकाळी तो चुलीवरून बिडी आणायचा आणि रोज दोन-तीन झुरके त्याच्या छातीत जायचे. काही महिन्यांनी त्याला खोकला येईनासा झाला. हे मी पाहिलं. बाकी कोणी पाहिलं नाही.

तेराव्या वर्षी त्यानं मला पहिल्यांदा चोरून उघडलं. इंद्रभान अंघोळीला गेला होता, सदरा खुंटीला होता. मी करकरले. पोरगं दचकलं, मला तसंच ठेवून पळालं. दुसऱ्या दिवशी आलं तेव्हा अंगठ्यानं बिजागरी दाबून धरली आणि झाकण हळूच उचललं. मी नाही करकरले. त्या म्हाताऱ्यानं मला तेवढ्यासाठी आवाज दिला होता आणि एका पोराच्या अंगठ्याखाली तो बंद झाला. मला अजून वाईट वाटतं त्याचं. पण मी पत्रा, मी काय करणार?

धम्मा पळायला मात्र लहानपणापासून पटाईत. शाळेतून तालुक्याच्या शर्यतीला गेला, दोन ढाली आणल्या, त्या बाबासाहेबांच्या फोटोखाली मांडल्या. बारावी झाल्यावर त्यानं ठरवलं, पोलीस भरती मारायची. सिंधूताईनं तर मनातल्या मनात त्याला खाकी वर्दी चढवूनच टाकली. तोवर घरात एक उशिराचं लेकरूही आलं होतं, समता. धम्मापेक्षा अकरा वर्षांनी लहान. दादा पोलीस होणार म्हणून ती शाळेत आत्तापासूनच भाव खायची.

भरतीची तयारी करून घेणारे शिवम सर रोज पहाटे पोरांना मैदानावर पळवायचे. सोळाशे मीटर, चार फेऱ्या. धम्मा आता कॉलेजमागच्या टपरीवरच्या सिगारेटीवर आला होता. त्याचा दोस्त हरिओम त्याच्यासोबत ओढायचा, पण हरिओमला आठ-आठ दिवस आठवणही यायची नाही. धम्माला मात्र तासातासाला यायची. दोघांनी एकाच टपरीवर ओढली, मग एकालाच का चिकटली? मला विचाराल तर हरिओमच्या छातीला आठव्या वर्षापासून सवय लावलेली नव्हती.

एका रविवारी इंद्रभान लेकाचं पळणं बघायला मैदानावर गेला. मी सदऱ्याच्या खिशात. पहिल्या दोन फेऱ्या धम्मा सगळ्यांच्या पुढे. इंद्रभान शेजारच्या माणसाला म्हणाला, "मायं पोरगं हाये ते." तिसऱ्या फेरीत दोघं पुढे गेले. चौथ्या फेरीत तो मधेच थांबला, गुडघ्यावर हात टेकले आणि खोकत खाली बसला.

शिवम सर इंद्रभानजवळ आले. "काका, पायात दम हाये त्याच्या, छातीत नाई. सिगारेट पेते तो."

"मायं पोरगं? नाई सर. काईतरीच."

"घरात कोनी पेते का?"

इंद्रभानचा हात खिशावर आला. मला त्यानं असं दाबलं की माझी कड त्याच्या छातीला रुतली असेल.

घरी आल्यावर मात्र त्यानं हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. धम्मा मागे सरला नाही, ओरडलाही नाही.

"मारा बाबा. पन एक सांगा, मले पहिली कोनं पेटवाले लावली?"

उगारलेला हात खाली आला. इंद्रभान ओट्यावर जाऊन बसला. जेवला नाही, आणि मलाही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधूताईनं विचारलं, "जिनिंगात दिवसभर बिडीबिगर कसे राह्यता जी तुमी?"

"गेटवर डबी ठेवली का आठवन येते, पन हात जात नाई."

"कापसाले गेट हाये. मंग या घराले काऊन नाई?"

तिनं त्याच दिवशी दाराच्या चौकटीला खिळा ठोकला, एक कापडी पिशवी अडकवली. घरात येताना बापानं आणि लेकानं जे असेल ते त्यात टाकायचं. आगपेटी तर तिनं घरातच ठेवली नाही. रात्री विस्तव राखेत दडवायची आणि सकाळी फुंकून जागा करायची. नारायणराव परवडले, एवढी कडक. लेकाच्या खिशात हात घालून बघायची, आणि तो मान खाली घालून उभा राहायचा.

इंद्रभाननं सोडली. सोपं नाही गेलं, महिनाभर बडीशेप चावून जबडा दुखायचा, पण सोडली. मी रिकामी झाले. मग सिंधूताईनं मलाच त्या पिशवीत ठेवलं आणि धम्माच्या सिगारेटी माझ्यात पडू लागल्या. बापाची डबी लेकाकडे आली ती अशी.

आणि धम्मा? लोक म्हणतात, मनावर घेतलं की सुटते. मी त्याला हातभर अंतरावरून पाहिलंय. मनानं त्यानं केव्हाच सोडली होती. अंग सोडत नव्हतं. सकाळी डोळा उघडायच्या आधी त्याचा हात दाराकडे जायचा. चार दिवस काढायचा, पाचव्या दिवशी घामाघूम होऊन पिशवीपाशी उभा. अभ्यासाचं पुस्तक उघडायचा आणि एकाच ओळीवर बसून राहायचा. एकदा समताच्या हातून ताट पडलं तर तिच्यावर असा खेकसला की ती रडायला लागली. मग तोच तिला पाठीवर घेऊन गल्लीभर फिरला, म्हणाला, "मी नाई ओरडलो समू, ते दुसरंच कोनी ओरडलं." तिला ते खरं वाटलं. मलाही खरंच वाटलं.

भरतीच्या आधी त्यानं नऊ दिवस काढले. पूर्ण नऊ. सिंधूताई बोटावर मोजत होती. जाताना त्यानं मला पिशवीतून काढून आईच्या हातात दिलं, "ठेव, मले नाई लागत." पुढचं मी पाहिलं नाही, त्यानं आईला सांगितलं ते ऐकलं. बुलढाण्याच्या मैदानाबाहेर पहाटेपासून रांग. नंबर लवकर लागेना. पुढच्या पोरानं पेटवली आणि मागे धरली, "घे बे, टेन्शन जाते." त्यानं दोन झुरके घेतले.

सोळाशे मीटरला अकरा सेकंद उशीर झाला, तेवढे मार्क गेले. यादी लागली तेव्हा दोन मार्कांनी त्याचं नाव बाहेर.

"ते दोन झुरके नसते घेतले तं झालं असतं, माय," तो म्हणाला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. दोन झुरक्यांनी अकरा सेकंद जातात का, ते मला कळत नाही. बारा वर्षांनी जातात, एवढं मी छातीठोकपणे सांगते. त्या बारा वर्षांतली पहिली बिडी माझ्याच पोटातून निघाली होती.

त्यानंतर तो फार ओढायला लागला. मैदानावर जाणं बंद केलं. सिंधूताई खिसे तपासायची, पण ती काही दिवसभर घरी नसायची.

आता शेवटचं सांगते. त्या संध्याकाळी सिंधूताई विहारात वंदनेला गेली होती. इंद्रभान आत खाटेवर पडला होता. समता चुलीपाशी बसून पाढे लिहीत होती. धम्मा ओट्यावर होता. तो उठला, पिशवीतून मला काढलं, अंगठ्यानं बिजागरी दाबली, सवयीनं. एक सिगारेट घेतली. खिसे चाचपले, आगपेटी नव्हती. डोकं धरून तो तसाच बसला, आणि मग आत न बघताच म्हणाला, "समू, हे घे, चुलीवरून पेटवून आन."

आवाज त्याचा होता, पण शब्द इंद्रभानचे. तस्सेच्या तस्से.

समता लगेच उठली. दादानं काम सांगितलं म्हणून खूश. सिगारेट घेऊन आत गेली, चिमट्यानं विस्तव पुढे ओढला. आणि तिथूनच तिनं विचारलं, "दादा, ओढत आनू का? नाईतं इझते ना?"

ती कुठं शिकली हे? त्याच घरात. पाहुण्यांसमोर बाप ती गोष्ट सांगायचा आणि सगळे हसायचे, तेव्हा ही मांडीवर बसून हसायची.

मी त्याच्या हातातून खाली पडले. तो आत गेला तेव्हा सिगारेटीचं एक टोक पेटलेलं होतं आणि दुसरं टोक तिच्या ओठांपाशी. त्यानं ती हातानंच विझवली, मुठीत. हात पोळला असणार, पण त्यानं मूठ उघडली नाही. चुलीपाशी बसला आणि हमसून हमसून रडायला लागला.

समता घाबरली. आपलंच काही चुकलं असं तिला वाटलं. "मी नाई ओढली दादा. खरंच नाई ओढली. मायची आन."

इंद्रभान खाटेवरून उठून दारात आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो लेकाजवळ खाली बसला, त्याची मूठ आपल्या हातात घेतली.

"मी बी असंच म्हनलो होतो रे बेटा," तो म्हणाला. "पन मले तवा आयकू नाई आलं. तुले आयकू तं आलं."

सिंधूताई परतली तेव्हा तिघं चुलीपाशीच होते. चूल विझली होती आणि भाकरी कोणी टाकली नव्हती. तिनं धम्माच्या तळहाताला खोबरेल लावलं.

तुम्ही विचाराल, मग सुटली का त्याची? तेव्हापासून आज बावीस दिवस झाले, मी रिकामी आहे. एवढे दिवस तो याआधी कधी टिकला नव्हता. पण मी शपथेवर काही सांगत नाही. कालच तो दारापाशी येऊन उभा होता, हात पिशवीपर्यंत आला होता. मग वळला आणि मैदानाकडे गेला. परत आला तेव्हा खोकत होता. पुढच्या भरतीला अजून वय आहे, पण छाती पहिल्यासारखी होईल का, हे शिवम सरही सांगत नाहीत.

परवा समतानं मला मागितलं. पेन्सिलीचे तुकडे ठेवायला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. सिंधूताईनं मला राखेनं घासलं, लिंबू लावलं, तीनदा उन्हात वाळवलं. मग झाकण उघडून वास घेतला आणि मान हलवली. "नाई बेटा, हिचा वास नाई जात. तुले दुसरी आनू." आणि मला पुन्हा खिळ्यावरच्या पिशवीत टाकलं. तिचं बरोबरच आहे. पेन्सिली तोंडात घालायची सवय असते पोरांना.

तर आता मी इथे आहे, दाराच्या चौकटीला, 'शुद्ध' अक्षरं पोटात घेऊन. कोणी माझ्याकडे फारसं बघत नाही आणि तेच बरं आहे. तुमच्याही घरी कोणी दमून येत असेल, बिडी काढून लेकराला हाक मारत असेल. त्याला माझं एवढंच सांगा, की उठ बाबा, तुझी तू पेटव. आणि लेकराला पाठवलंच असेल अन् ते वाटेत थांबून म्हणालं, विझते, तर विझू दे.